काचबेडूक : त्या व्हायरल फोटोच्या पलीकडे

ओहोळ

पारदर्शक पोट, आत लाल हृदय, आतड्याचं वेटोळं असा एका बेडकाचा फोटो सध्या सगळीकडे फिरतोय. काही जणांनी मला तो पाठवून "हे एआयचं काम ना?" असं विचारलं. नाही, बेडूक खरा आहे. मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातला काचबेडूक, म्हणजे ग्लास फ्रॉग. पण असे फोटो बहुधा बेडकाला काचेवर बसवून खालून काढलेले असतात. जंगलात ते पोट पानाला चिकटलेलं असतं, आणि वरून पाहणाऱ्याला दिसते ती फक्त हिरवी पाठ. म्हणजे फोटोतून बेडूक जगावेगळा आहे एवढं कळतं, तो जगतो कसा हे कळत नाही. मला तर त्याच्या पोटापेक्षा त्याचं जगणं जास्त थक्क करतं, म्हणून हा धागा काढला.

आधी थोडी ओळख. या कुळाचं नाव सेंट्रोलेनिडी. एडवर्ड टेलर यांनी १९५१ साली हे कुळ वेगळं केलं. आज त्यात दीडशेहून जास्त जाती आहेत. दक्षिण मेक्सिकोपासून बोलिव्हियापर्यंत सलग, शिवाय आग्नेय ब्राझील आणि अर्जेंटिनाचा ईशान्य कोपरा, असा त्यांचा पसारा. सगळ्यात जास्त गर्दी कोलंबिया आणि इक्वाडोरमध्ये, अँडीजच्या उतारांवर. तिथे प्रत्येक दरीला आपला ओढा, आणि दोन दऱ्यांच्या मध्ये उंच थंडगार धार. इतका लहान जीव ती धार ओलांडून जात नाही, त्यामुळे दरीगणिक वेगळी जात तयार होत गेली.

बहुतेक जाती २ ते ३ सेंटिमीटरच्या. ठळक अपवाद सेंट्रोलीन गेकोइडियम. हा ७ सेंटिमीटरच्या पुढे जातो आणि धबधब्याच्या तुषारात खडकांवर राहतो. गंमत म्हणजे शास्त्राला सगळ्यात आधी हाच माहीत झाला. स्पॅनिश निसर्गअभ्यासक मार्कोस हिमेनेस दे ला एस्पादा यांनी १८७२ मध्ये त्याचं वर्णन केलं.

आता मुद्द्याचं. काचबेडकाचं सगळं आयुष्य ओढ्यावर झुकलेल्या पानाभोवती फिरतं. कोस्टा रिकात रात्री गाईडबरोबर ओढ्यातून चालताना मी हे पाहिलं. तो पानांवर वरून झोत टाकतच नव्हता. पाण्यात उभा राहून मान वर करून पानांच्या खालच्या बाजू बघत होता. एका पानाच्या पोटाशी जेलीचा पातळ थर, त्यात तीसेक अंडी, प्रत्येक अंड्यात हलणारा फिकट गर्भ. शेजारीच नर बसलेला. त्याच्या पाठीवर हिरव्या जाळीत पिवळसर ठिपके होते, आणि ते अंड्यांच्या पुंजक्यासारखेच दिसत होते. गाईडने बोट दाखवेपर्यंत तो बेडूक आहे हे मला कळलं नाही. ही जात हायलिनोबॅट्राकियम व्हॅलेरिओई.

अंडी पिकली की पिल्लं जेलीतून सुटून थेट खालच्या पाण्यात पडतात. मग टॅडपोलचं आयुष्य तळाच्या कुजलेल्या पानांत आणि वाळूत पुरून घेऊन जातं. तिथे प्राणवायू कमी. अंगात रंग जवळपास नसल्याने आतलं रक्त दिसतं आणि ही पिल्लं चक्क लालसर दिसतात.

काचबेडकांबद्दल काही विचारायचं असेल तर खुशाल विचारा.

सायली_नाशिक

फार सुंदर लिहिलंय. एक शंका: सगळ्यांचंच हृदय बाहेरून दिसतं का?

ओहोळ

सायलीताई, नाही. पोटाची त्वचा बहुतेकांची पारदर्शक असते, पण आतले अवयव कशाने झाकलेत यावर सगळं अवलंबून असतं. काही जातींत पोटाच्या आतलं आवरण पांढरं असतं, काहींत फक्त छातीकडचा भाग झाकलेला. हायलिनोबॅट्राकियम या वंशात ते आवरण पारदर्शक, पण आतडं आणि यकृत यांच्यावर पांढरा थर. हृदयाच्या पिशवीवर तो थर आहे की नाही, हे जातीजातीत वेगळं. २०१७ मध्ये इक्वाडोरच्या ॲमेझॉन भागातून हुआन मानुएल ग्वायासामिन आणि सहकाऱ्यांनी हायलिनोबॅट्राकियम याकू ही जात जगापुढे आणली. तिचं हृदय पूर्ण उघडं दिसतं. 

जात ओळखताना हाडांचा रंगही बघतात. हायलिनोबॅट्राकियमची हाडं पांढरी, पण इतर बऱ्याच काचबेडकांची हाडं हिरवी असतात. बिलिव्हर्डिन नावाच्या पित्तरंगामुळे.

पॅथॉलॉजीवाला

मी रोज रक्ताचे नमुने बघणारा माणूस, त्यामुळे माझा प्रश्न रक्ताचा. त्वचा पारदर्शक, स्नायू पारदर्शक, हे मान्य. पण तांबड्या पेशी? हिमोग्लोबिन प्रकाश शोषतं. अंगभर लाल रक्त फिरत असताना प्राणी पारदर्शक राहूच कसा शकतो? पाण्यातले काही पारदर्शक जीव असतात, त्यांच्यात बऱ्याचदा हिमोग्लोबिन नसतंच. जमिनीवरच्या कणाधारी प्राण्याला ते परवडणार नाही.

ओहोळ

डॉक्टरसाहेब, अगदी नेमका प्रश्न. याचं उत्तर डिसेंबर २०२२ मध्ये 'सायन्स' या संशोधन-पत्रिकेत आलं. कार्लोस ताबोआदा आणि जेसी डेलिया हे मुख्य संशोधक. झोपलेल्या काचबेडकांचे फोटो काढताना डेलियांच्या लक्षात आलं की यांच्या अंगात लाल रंग दिसतच नाहीये. जागा असताना त्याच बेडकाच्या शिरा स्पष्ट लाल दिसतात.

उत्तर असं की झोपताना हा बेडूक आपलं रक्त लपवतो. हायलिनोबॅट्राकियम फ्लाइशमानी या जातीत झोपेत जवळपास ८९ टक्के तांबड्या पेशी अभिसरणातून बाजूला होऊन यकृतात दाटीवाटीने जाऊन बसतात. शिरांतून उरतो तो जवळजवळ रंगहीन प्लाझ्मा. आणि यकृतावर प्रकाश परतवणाऱ्या स्फटिकांचं आवरण, त्यामुळे आतला लाल साठा बाहेरून दिसत नाही. यामुळे पारदर्शकता दोन ते तीन पट वाढते. बेडूक उठला, हालचाल करू लागला, की पेशी परत रक्तात.

मोजायचं कसं हाही पेच होता. बेडकाला भूल दिली तर रक्त पुन्हा अंगभर फिरू लागतं, आणि चिरफाड केली तर बघायचं तेच निघून जातं. म्हणून त्यांनी फोटोअकूस्टिक पद्धत वापरली. लेझरचा प्रकाश तांबड्या पेशींनी शोषला की अतिसूक्ष्म ध्वनिलहरी उठतात, त्या लहरींवरून पेशी कुठे आहेत याचा नकाशा तयार होतो. बेडूक झोपलेलाच राहतो, त्याला सुईसुद्धा टोचत नाही.

पॅथॉलॉजीवाला

हे वाचून अक्षरशः खुर्चीत सरसावून बसलो. इतरांसाठी सांगतो, यातली खरी चकित करणारी गोष्ट कोणती ते. माणसाच्या शरीरात रक्त एका जागी साठून राहिलं की गुठळी होण्याचा धोका असतो. पायातल्या शिरेत रक्त थबकलं तर ती गुठळी सुटून फुप्फुसात जाऊन जीव जाऊ शकतो, म्हणून ऑपरेशननंतर पेशंटला लवकर चालायला लावतात. आणि हा प्राणी रोज दिवसभर आपल्या बहुतेक तांबड्या पेशी एका अवयवात कोंबून ठेवतो, संध्याकाळी परत सोडतो, आणि त्याला काही होत नाही! बरं, जखम झाली तर त्याचं रक्त गोठतं का?

ओहोळ

गोठतं. म्हणजे गोठण्याची यंत्रणा मोडलेली नाही, तरी साठवलेलं रक्त गोठत नाही. म्हणूनच हा विषय बेडकांपुरता न राहता वैद्यकाच्या लोकांपर्यंत पोचला. शिवाय इतका वेळ पेशी बाजूला ठेवून उरलेल्या अंगाला प्राणवायू पुरतो कसा, हा प्रश्न आहेच. संशोधक या दोन्हींवर काम करतायत.

तुलनेसाठी त्यांनी काही अपारदर्शक झाडबेडूकही तपासले. त्यांच्या यकृतात झोपेच्या वेळी असा साठा जवळजवळ होत नाही.

कोलंबस_ओहायो

पारदर्शकपणाचा फायदा काय पण? पूर्ण अदृश्य तर तो होत नाही. पाठ हिरवी असते असं तुम्हीच म्हणताय.

ओहोळ

बरोबर, अदृश्य होत नाही, आणि इथेच तो फोटो फसवतो. जेम्स बार्नेट आणि सहकाऱ्यांचं यावर २०२०मध्ये आलेलं काम आहे, टेराटोहायला मिडास या जातीवर. पाठीतल्या रंगकणांमुळे बेडूक कायम हिरवाच दिसतो. पण पान गडद असेल तर तो थोडा गडद आणि पान उजळ असेल तर थोडा उजळ दिसतो. त्याहून महत्त्वाचे पाय. झोपताना तो पाय अंगाभोवती दुमडून घेतो, आणि पाय धडापेक्षा जास्त पारदर्शक असतात. त्यामुळे बेडूक कुठे संपला आणि पान कुठे सुरू झालं ती रेषाच पुसट होते. पक्षी भक्ष्य शोधतात ते बाह्यरेषेवरून. ती रेषाच नसेल तर नजर पुढे सरकते.

त्यांनी जिलेटिनचे नकली बेडूक बनवले, काही पारदर्शकसर, काही अपारदर्शक, आणि इक्वाडोरच्या जंगलात ठेवले. अपारदर्शक नकली बेडकांवर पक्ष्यांनी जास्त चोची मारल्या.

रक्त लपवण्याचं कोडंही यातून सुटतं. दिवसा पानाखाली झोपलेला बेडूक पळू शकत नाही, आणि ऊन पानातून झिरपून त्याच्यावर पडतं. तेव्हा लाल शिरांचं जाळं अंगात असेल तर पानावर गडद डाग पडेल.

मीनल_टीचर

मी सातवीला विज्ञान शिकवते. पुढच्या तासाला हे सांगणारच आहे. मुलं हमखास विचारतील म्हणून आधीच विचारते: बाबा बेडूक अंड्यांपाशी बसून नेमकं करतो काय? आणि आई कुठे जाते?

ओहोळ

मीनलताई, मुलांना हा भाग नक्की आवडेल.

पानावरच्या अंड्यांना दोन मोठे धोके: सुकणं आणि खाल्लं जाणं. नर अंड्यांवर पोट टेकवून बसतो आणि त्यांना ओलावा देतो, त्यासाठी मूत्राशयात साठवलेलं पाणीही वापरतो. मेक्सिकोत फ्लाइशमानी जातीवर डेलियांनी बघितलं, तर हवा कोरडी झाली की नर जास्त वेळा येऊन अंडी भिजवतात आणि पाऊस असला की कमी. म्हणजे गरज बघून तो काळजी कमीजास्त करतो. नर हटवला तर गर्भ वाट बघत नाहीत, ठरलेल्या वेळेआधीच जेलीतून सुटून पाण्यात उडी घेतात. अपुऱ्या वाढीचं पिल्लू म्हणून जगणं कठीण, पण सुकून मरण्यापेक्षा बरं.

खाणारे बरेच आहेत. साप, कोळी, नाकतोड्यांचे भाऊबंद, गांधीलमाश्या. शिवाय काही माश्या अंड्यांच्या जेलीत आपली अंडी घालतात आणि त्यांच्या अळ्या गर्भ खातात. रॉय मॅकडायर्मिड यांनी १९७०च्या दशकात कोस्टा रिकाच्या ओसा द्वीपकल्पात शेजारी शेजारी राहणाऱ्या दोन जाती पाहिल्या. एकीचा नर फक्त रात्री अंड्यांपाशी, दुसरीचा रात्रंदिवस. ही दुसरी म्हणजे वर लिहिलेली ठिपकेवाली व्हॅलेरिओई, आणि तिची जास्त अंडी वाचत होती.

आता आई. बरीच वर्षं पुस्तकांत असायचं की बहुतेक काचबेडकांत अंडी घातल्यावर आई निघून जाते आणि पुढे त्यांना कुणी बघत नाही. मग डेलिया, लॉरा ब्राव्हो-व्हॅलेन्सिया आणि कॅरेन वॉर्कन्टिन यांनी रात्र रात्र जागून कितीतरी जाती पाहिल्या आणि २०१७ मध्ये लिहिलं की अनेक जातींत आई अंडी घातल्यावर काही तास, तेही त्याच रात्री, अंड्यांवर बसते. त्या तासांत जेली पाणी पिऊन फुगते आणि अंडी जगण्याची शक्यता खूप वाढते. पहाटे ती जाते, म्हणून दिवसा शोधणाऱ्यांना कधी दिसलीच नाही. कोलंबियाच्या सिएरा नेवादा दे सांता मार्तामध्ये इकाकोगी तायरोना नावाची जात आहे, तिच्यात तर आई पुढेही अंड्यांची राखण करते. मुलांना हे जरूर सांगा, कारण इथे नवीन यंत्र नव्हतं, फक्त कुणीतरी योग्य वेळी तिथे बसून राहिलं.

मीनल_टीचर

मनापासून आभार. शेवटचं वाक्य फळ्यावर लिहीन.

रानगवा

जाती वेगळ्या आहेत हे ठरवतात कसं? फोटोत तर सगळे सारखेच हिरवे दिसतात.

ओहोळ

आवाज, डीएनए, अवयवांवरचे थर, हाडांचा रंग, अंडी पानाच्या वर की खाली, हे सगळं एकत्र बघून. इक्वाडोरमधलं २०२२ चं उदाहरण घ्या. ग्वायलाबांबा नदीच्या खोऱ्यात हायलिनोबॅट्राकियम मश्पी आणि हायलिनोबॅट्राकियम नाउन्स अशा दोन नव्या जाती जाहीर झाल्या. त्यांच्या ठिकाणांत २० किलोमीटरहून कमी अंतर, दिसायला जवळजवळ जुळ्या, पण डीएनए स्पष्ट वेगळा. मध्ये नदीची खोल दरी. कोस्टा रिकात २०१५ मध्ये हायलिनोबॅट्राकियम डायनी सापडली, ती टीव्हीवरच्या कर्मिट या बाहुली-बेडकासारखी दिसते म्हणून जगभर गाजली. १९७३ नंतर त्या देशात सापडलेली ती पहिलीच नवी काचबेडूक जात.

आणखी एक सांगायलाच हवी. साकाटामिया ओरेहुएला ही इक्वाडोर-कोलंबियातली जात धबधब्यांच्या खडकांवर राहते. पाण्याच्या गर्जनेत आवाज ऐकू जाणं अवघड, म्हणून तिचा नर शिट्टी तर घालतोच, शिवाय हात हलवतो, पाय हलवतो, डोकं वरखाली करतो. रेबेका ब्रनर आणि ग्वायासामिन यांनी हे नोंदवलं.

सावंतवाडीकर

धागा वाचून राहवलं नाही. ओढ्यावरच्या पानावर अंडी घालणारे बेडूक आमच्याकडेही आहेत हो! आंबोलीत पावसाळ्यात रात्री ओढ्याकाठी गेलात तर रात्रबेडूक भेटतात, निक्टिबॅट्राकस पेट्रियस. अंगाने तपकिरी, सुरकुतलेले, अजिबात पारदर्शक नाहीत. पण पाण्यावर वाकलेल्या पानावर किंवा ओल्या दगडावर जेलीत अंडी, आणि पिल्लं टपकन खाली पाण्यात. आम्ही शाळेत असताना ते बघत बसायचो. काचबेडकांचं आणि यांचं काही नातं आहे का?

ओहोळ

सावंतवाडीकर, तुमच्या प्रतिसादाने धाग्याचं सोनं झालं. नातं अगदी दूरचं, दोघंही बेडूक एवढंच. ही दोन कुळं बेडकांच्या दोन वेगळ्या मोठ्या शाखांतली. पण ओढ्यात मासे आणि इतर खाणारे असतात, म्हणून अंडी पाण्याबाहेर आणि पिल्लं मात्र पाण्यात, हा मार्ग अँडीजमध्ये आणि सह्याद्रीत स्वतंत्रपणे निघाला. महाराष्ट्रातलाच निक्टिबॅट्राकस हुमायुनी तर मीलनाच्या तऱ्हेमुळे २०१६ मध्ये जगभर चर्चेत आला. त्यात नर मादीला मिठी न मारता तिच्या पाठीवर नुसता पाय फाकून बसतो, आणि तो बाजूला झाल्यावर ती अंडी घालते. बेडकांचे अभ्यासक प्रा. बिजू यांच्या गटाचं ते काम.

कोलंबस_ओहायो

इथे अमेरिकेत पाळायला मिळतात का हे? माझ्या भाच्याने हट्ट धरलाय.

ओहोळ

मिळतात, आणि मी तुम्हाला कळकळीने सांगेन की घेऊ नका. अमेरिकेत आयात झालेल्या काचबेडकांचा आकडा २०१६ मध्ये १३ होता, तो २०२१ मध्ये ५,७४४ झाला. हे व्हायरल फोटोंचंच फळ. जो बेडूक एका दरीपुरता राहतो, त्याचे शेदोनशे उचलले तरी ती दरी रिकामी होऊ शकते. म्हणून नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामात झालेल्या साइट्स (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) परिषदेत हे अख्खं कुळ दुसऱ्या परिशिष्टात घेतलं. आता परवान्याशिवाय आंतरराष्ट्रीय व्यापार करता येत नाही. अख्खं कुळ घेतलं हे फार शहाणपणाचं झालं, कारण विमानतळावरच्या अधिकाऱ्याने जुळ्या जाती ओळखायच्या कशा?

भाच्याला झोपलेल्या काचबेडकाचे व्हिडिओ दाखवा, आणि जमलं तर एखाद्या चांगल्या प्राणिसंग्रहालयात न्या.

रानगवा

धोका फक्त व्यापाराचाच आहे का?

ओहोळ

नाही, तो त्यातला लहान. जंगलतोड, खाणी, तेल, धरणं हे मोठे. ओढ्याकाठची झाडं गेली की पान गेलं, आणि पान गेलं की अंडी घालायला जागाच उरत नाही. बोलिव्हियात निम्फार्गस बेहारानोई ही जात १८ वर्षं कुणाला दिसली नव्हती. २०२०च्या जानेवारीत कोचाबांबाच्या संग्रहालयाच्या लोकांना ती पुन्हा सापडली, तीही जलविद्युत प्रकल्पाच्या परिसरात. एक चांगली बातमीही आहे. इक्वाडोरच्या घटनेत २००८ पासून निसर्गाला हक्क आहेत, आणि २०२१ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने लोस सेद्रोस या ढगाळ जंगलातल्या खाणकामाला त्याच आधारावर मनाई केली.

आणि कायट्रिड बुरशी. ती बेडकांच्या त्वचेवर वाढते, क्षारांचं गणित बिघडवते आणि हृदय बंद पाडते. मध्य अमेरिकेच्या डोंगरांत तिने बेडकांच्या जातीच्या जाती संपवल्या.

सावंतवाडीकर

ही बुरशी आपल्याकडे आहे का? दर पावसाळ्यात आंबोलीत पुण्या-मुंबईचे कॅमेरावाले जथ्याने येतात. एका ओढ्यातून दुसऱ्या ओढ्यात तसेच चिखलाच्या बुटांनी.

ओहोळ

पश्चिम घाटातल्या बेडकांवर तिच्या नोंदी झालेल्या आहेत. अमेरिकेसारखी मोठी मर इथे दिसलेली नाही, पण काळजी घ्यायलाच हवी, कारण बूट आणि स्टँड यांच्यावरच्या ओल्या चिखलातून ती सहज प्रवास करते. एका ओढ्यावरून निघताना बूट आणि स्टँडचे पाय ब्रशने घासून धुवा, तेही तिथेच, पुढच्या ओढ्यावर नाही. मग पूर्ण वाळू द्या, कोरडेपणा तिला सोसत नाही. पावसात वाळणं अवघड, म्हणून एका रात्री एकच ओढा ठरवा. फोटोसाठी बेडूक हातात घेऊ नका, आणि अंडी असलेलं पान वाकवू किंवा तोडू तर अजिबात नका. आंबोलीतल्या गाईड मंडळींशी तुमची ओळख असेल तर हे त्यांच्या कानावर घालाल का?

सावंतवाडीकर

घालतो. दोघं वर्गमित्रच आहेत. जूनच्या आधी बसूया म्हणतो, पाण्याचं पिंप आणि ब्रश ओढ्याच्या वाटेवर ठेवता येईल.